टेन्शन म्हणजे नेमकं काय गं?

बुधवारी दुपारी तीन ते साडेचार ही आमच्या इंग्रजीच्या वर्गाची वेळ. वर्ग म्हणजे काय, तर देवळामागच्या सभागृहात सतरंजी टाकून बसलेल्या पंधरा-सोळा बायका, एक फळा आणि मी. आमच्या बचत गटाच्या मीटिंगा तिथेच व्हायच्या. एकदा कुणीतरी म्हणालं, "ताई, पालकसभेला गेलं की शाळेतल्या मॅडम फाडफाड इंग्रजी बोलतात आणि आपण नुसत्या माना डोलावतो. तुम्ही बी.ए. झालाय ना, थोडं शिकवा की!" त्यातून हा वर्ग सुरू झाला. माझं इंग्रजी काही फार मोठं नाही. कॉलेज सुटून वीस-बावीस वर्षं झाली. पण मॅडमना दोन वाक्यांत उत्तर देण्याइतकं येतं, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

त्या दिवशी फळ्यावर मी प्रश्न लिहिला होता, 'हाऊ आर यू फीलिंग टुडे?' एकेकीने उभं राहून उत्तर द्यायचं. पहिली उठली आणि म्हणाली, "टेन्शन." दुसरी म्हणाली, "टेन्शन." तिसरीने जरा वाक्य केलं, "आय हॅव टेन्शन." पाचव्या-सहाव्या उत्तरापर्यंत सगळा वर्ग हसायला लागला होता.

मी म्हटलं, "अगं, पण कसलं टेन्शन ते तरी सांगा. मराठीत सांगा."

एकीच्या मुलाचा बारावीचा निकाल लागायचा होता. एकीचा नवरा पिऊन गेला तो दोन दिवस घरी आलाच नव्हता. एकीच्या जावेने मोठा दोन दारांचा फ्रिज घेतला होता. एकीची आई महिन्यापूर्वी गेली होती. एक पतसंस्थेत नोकरी करते, ती रोज सकाळी रडणाऱ्या मुलाला शेजारी ठेवून जाते. आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी. तिचं पहिलं बाळंतपण होऊन साडेतीन महिने झाले होते. सासूबाई तासाभरासाठी बाळ सांभाळत, म्हणून ती यायची. ती म्हणाली, "टेन्शनच आहे ताई. कसलं ते माहीत नाही."

मी पटकन म्हटलं, "पहिलं बाळ आहे ना, म्हणून. टेन्शन घेऊ नकोस. होईल सगळं नीट."

ती हसली आणि खाली बसली. मैत्रिणींनो, हे वाक्य मी किती सहज बोलून गेले! त्याच्याकडे मला पुन्हा यायचंच आहे.

एकाच पोत्यात सगळं धान्य

वर्ग सुटताना आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "ताई, आमच्या मशीनलाही टेन्शन असतं बरं का! धाग्याचं टेन्शन जास्त झालं की धागा तुटतो. कमी झालं की खालून गुंता होतो. मग स्क्रू फिरवून बरोबर करावं लागतं."

सगळ्या पुन्हा हसल्या. पण खरा अर्थ वहिनींनीच सांगितला होता. टेन्शन म्हणजे ताण. दोरीतला, धाग्यातला ताण. लॅटिन भाषेतल्या 'ताणणे' या अर्थाच्या क्रियापदातून तो शब्द आलेला आहे. दोन माणसांत बिनसलं असेल किंवा दोन देशांत तणाव असेल, तर इंग्रज माणूस 'टेन्शन' म्हणतो. पण स्वतःच्या मनाबद्दल बोलताना तो 'आय हॅव टेन्शन' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'वरीड', 'अपसेट', 'नर्व्हस', 'स्ट्रेस्ड'. कारणाप्रमाणे शब्द बदलतो. आपण मात्र इंग्रजीतून एकच शब्द उचलला आणि निकालाची काळजी, नवऱ्याचा धसका, जावेचा हेवा, आईचं दुःख, सगळं त्याच पोत्यात भरून टाकलं. ज्वारी, तूर, हरभरा एकाच पोत्यात भरलं तर गिरणीवाला विचारणारच ना, "वहिनी, यातलं नेमकं काय दळू?"

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी माळ्यावरची डिक्शनरी काढली. बी.ए.ला असताना वडिलांनी घेऊन दिलेली. पुठ्ठा सुटलाय, पण पानं शाबूत आहेत. जे तिच्यात सापडलं नाही ते मोबाइलवर शोधलं. आठवडाभर हाच उद्योग! मुलगी म्हणाली, "आई, तू परत परीक्षेला बसणारेस का?"

पहिली गाठ पडली ती 'फीलिंग' आणि 'इमोशन'शी. आपण दोन्हींना 'भावना' म्हणून मोकळे होतो. पण 'फील'चा मूळ अर्थ स्पर्शाने जाणणं. अंधारात चाचपडून स्विच शोधतो ना, तेसुद्धा 'फील' करणंच. म्हणून थंडी, भूक, थकवा, दुखणं हेही 'फीलिंग'मध्ये येतं. 'इमोशन'मध्ये ते येत नाही. राग, भीती, आनंद, दुःख असं मन हलवून सोडणारं काही असेल तर ते 'इमोशन'. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'हलवणे' हाच अर्थ आहे. गंमत म्हणजे सोळाव्या शतकात 'इमोशन' म्हणजे खळबळ, लोकांमधली गडबड असाही अर्थ होता. मनाच्या अवस्थांना सरसकट 'इमोशन' म्हणायचं हे बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं. एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक थॉमस ब्राऊन यांच्या व्याख्यानांचा त्यात मोठा वाटा होता. ती व्याख्यानं १८२० मध्ये छापली गेली. त्याआधी इंग्रजीत 'पॅशन' आणि 'अफेक्शन' असे दोन कप्पे होते. उफाळून येणारं, माणसाला ओढत नेणारं ते 'पॅशन' आणि शांत, सौम्य ते 'अफेक्शन'.

'मूड' आणखी वेगळा. इमोशनला बहुधा काहीतरी कारण असतं आणि ती येऊन जाते. मूड रेंगाळतो, आणि पुष्कळदा कारण विचारलं तर सांगता येत नाही. आभाळ भरून राहावं तसा. 'मूड ऑफ' हा मात्र आपला घरगुती प्रयोग आहे. इंग्रज म्हणेल 'बॅड मूड'.

आणि 'सेंटिमेंटल'? आपली कॉलेजची पोरं 'सेंटी झालीस का?' म्हणून चिडवतात, तो हा शब्द. अठराव्या शतकात 'सेंटिमेंटल' असणं चांगलं समजलं जाई. मन नाजूक आहे, संवेदनशील आहे, अशी ती स्तुती होती. लॉरेन्स स्टर्न या लेखकाने १७६८ मध्ये आपल्या प्रवासाच्या पुस्तकाच्या नावातच हा शब्द घातला. पुढे त्याचा भाव उतरला आणि आता तो 'उगीच हळवा' अशा अर्थाने टोमण्यात वापरतात. 'इमोशनल'चंही आपल्या घरांमध्ये तेच झालंय. बाई काही बोलायला लागली की "इमोशनल होऊ नकोस" म्हणायचं. म्हणजे तिचं म्हणणं खरं आहे की खोटं हे बघायलाच नको!

गळ्याशी आलेली काळजी

पुढच्या बुधवारी मी फळ्यावर 'टेन्शन' लिहिलं आणि त्यावर फुली मारली. म्हटलं, आज हा शब्द बंद. ज्याचं दुखणं त्याच्या नावानेच सांगायचं.

बारावीवाल्या मुलाच्या आईला 'वरी' हा शब्द दिला. या शब्दाचं मूळ ऐकून बायका चकित झाल्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता गळा दाबणं. लांडगा मेंढीचा गळा पकडून झिंजाडतो, तेही 'वरी'. कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला तर इंग्लंडमध्ये अजूनही हाच शब्द वापरतात. 'अँग्झायटी'चंही तसंच, तिच्या मुळाशी लॅटिनमधलं आवळणं, गुदमरवणं आहे. आमच्या कळपवाल्या आजी म्हणाल्या, "मग आपण काय वेगळं म्हणतो? गळ्याशी आलं म्हणतोच की!"

पण 'वरी' आणि 'अँग्झायटी' एक नव्हे. 'वरी'ला पत्ता असतो. निकाल, फी, पाऊस. निकाल लागला की ती काळजी उतरते. 'अँग्झायटी'ला कधीकधी पत्ताच नसतो. सगळं ठीक असूनही छातीत धडधड, हाताला घाम, काहीतरी वाईट होणार अशी धाकधूक. आणि 'फिअर' म्हणजे समोर उभ्या असलेल्या गोष्टीची भीती. साप दिसला तर 'फिअर'. साप कुठेच नाही आणि तरी रात्रभर दाराची फट बघत बसलो तर ती 'अँग्झायटी'. पहिलीवर उपाय आहे काठी. दुसरीवर काठीचा काय उपयोग?

फ्रिजवाल्या जाऊबाईंची पाळी आली तेव्हा वर्गात फार हशा झाला. 'एन्व्ही' आणि 'जेलसी'. आपण दोन्हीला जळणं म्हणतो. बोलताना इंग्रजही घोटाळा करतात. पण फरक सोपा आहे. 'एन्व्ही'त माणसं दोन. तिच्याकडे फ्रिज आहे, माझ्याकडे नाही. हा झाला हेवा. 'जेलसी'त माणसं तीन. माझं माणूस माझ्याकडून तिसरं कुणी ओढून नेईल ही धास्ती. "म्हणजे माझी जाऊ माझी एन्व्ही, आणि मी माझ्या सासूची जेलसी!" ती म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसलेल्या चार सासवासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

'आय अ‍ॅम' आणि 'आय फील'

पतसंस्थेत जाणारी उठली. तिने शब्द आधीच शोधून आणला होता. म्हणाली, "आय अ‍ॅम गिल्टी."

मी तिला थांबवलं. म्हटलं, "अगं, हे वाक्य कोर्टात म्हणतात. न्यायाधीशांनी विचारल्यावर. मी गुन्हेगार आहे, असा त्याचा अर्थ. तू म्हण, आय फील गिल्टी. मला अपराधी वाटतंय. वाटणं वेगळं आणि असणं वेगळं."

ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग डोळे पुसले. चार वर्षं ती रोज सकाळी स्वतःला शिक्षा सुनावत होती, आणि गुन्हा कुठला, तर घराचे हप्ते फेडायला नोकरी करते हा!

इथे मला आपल्या मराठीची एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. इंग्रज म्हणतो 'आय अ‍ॅम अँग्री', 'आय अ‍ॅम सॅड'. शब्दशः धरलं तर मीच तो राग, मीच ते दुःख. आपण म्हणतो, 'मला राग आला', 'मला वाईट वाटतंय', 'मला भीती वाटते'. म्हणजे ते आलं. पाहुण्यासारखं आलं. जे आलंय ते जाऊही शकतं. आपल्या व्याकरणात केवढा धीर आहे बघा!

नवरा दोन दिवस घरी न आलेली बाई सगळ्यांत शेवटी बोलली. तिला 'शेम' हा शब्द हवा होता. तिथे पुन्हा फरक निघाला. 'गिल्ट' म्हणजे मी चुकीचं वागले. 'शेम' म्हणजे मीच वाईट, मीच कमी. आणि 'एम्बॅरसमेंट' म्हणजे ओशाळणं, चारचौघांत घसरून पडल्यावर वाटतं ते. आपल्याकडे 'लाज' या एका शब्दात नव्या नवरीचं लाजणंही बसतं आणि चोरी पकडल्याची शरमही बसते. इंग्रजीत त्यांची दारं वेगळी, 'शाय' निराळं, 'अशेम्ड' निराळं. ती म्हणाली, "गल्लीतून जाताना मान वर होत नाही ताई." कळपवाल्या आजी लगेच म्हणाल्या, "प्यायला तो आणि मान तुझी खाली का गं? लाज त्याची आहे, ती तू कशाला उचलून घेतेस?"

तिचा नवरा अजून पितो. शब्द सापडल्याने दारू सुटत नाही. पण त्यानंतर ती गटाच्या मीटिंगला पुढच्या रांगेत बसायला लागली, आणि त्याच महिन्यात तिने आपल्या नावाने बँकेत खातं उघडलं.

आई गेलेल्या मैत्रिणीचं दुःख सांगायला आम्हाला 'ग्रीफ' सापडला. त्याच्या मुळाशी 'जड' हा अर्थ आहे. आपण मन जड झालं म्हणतो तसंच. आणि 'सॅड'? त्याचा जुना अर्थ आहे 'भरलेलं, तृप्त'. पोट भरलेला माणूस सुस्त होतो, तिथून तो शब्द हळूहळू खिन्नतेकडे गेला. आपल्यालाही ऊर भरूनच येतो की! तिला भेटायला येणाऱ्यांनी काय करावं, यावरही बोलणं झालं. ती म्हणाली, "कुणी 'बिच्चारी' म्हणालं की मला नको होतं." तो 'पिटी', म्हणजे कीव. कीव वरून खाली बघते. 'सिम्पथी' म्हणजे सहानुभूती, सोबत दुःख वाटून घेणं. आणि 'एम्पथी' हा तर इंग्रजीतला नवाच शब्द. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये एका जर्मन शब्दावरून तो बनवला. तो जर्मन शब्द चित्रं, शिल्पं बघताना माणूस मनाने त्यांच्यात शिरतो, त्याबद्दल वापरत. आता तो दुसऱ्याच्या जागी जाऊन बघण्यासाठी वापरतात. आपला 'कळवळा' त्याच्या फार जवळ आहे असं मला वाटतं.

शेवटचा 'बी' बोलायचा नाही

तिसऱ्या बुधवारी मी डिक्शनरीच वर्गात नेली. ज्याला जो शब्द हवा तो शोधा म्हटलं. मागे बसणारी ती मुलगी बराच वेळ पानं उलटत होती. मग पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, हे 'नंब' म्हणजे काय?"

मी म्हटलं, "ते 'नम' म्हणायचं. शेवटचा बी बोलायचा नाही. नम म्हणजे बधिर. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, मग ओठाला हात लावला तरी कळत नाही, तसं."

ती जरा वेळ गप्प होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला तसं झालंय. मला सॅड नाही वाटत ताई. काहीच वाटत नाही. बाळ रडतं ते ऐकू येतं, पण ते माझं आहे आणि मी उठायला पाहिजे, असं वाटतच नाही."

माझ्या अंगावर काटा आला. दोन आठवड्यांपूर्वी याच मुलीला मी म्हटलं होतं, टेन्शन घेऊ नकोस.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. हळूहळू विचारलं. झोप लागत नव्हती, बाळ झोपलं तरी लागत नव्हती. जेवण नकोसं झालं होतं. आपण आई व्हायच्या लायकीचीच नाही असं सारखं मनात येत होतं. "मी नसले तर बाळाचं बरं होईल," हेही ती बोलून गेली. हे सगळं दोन महिने चाललं होतं. घरात तिने दोनदा सांगितलं होतं, "टेन्शन आलंय." घरच्यांनी माझ्यासारखंच उत्तर दिलं होतं.

त्या दिवशी मी तिला एकटीला घरी जाऊ दिलं नाही. सोबत गेले, तिच्या सासूबाईंशी बोलले. आधी त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. चार-चार पोरं वाढवली आम्ही." मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की ताप आला असता तर आपण डॉक्टरकडे गेलोच असतो. रात्री तिला एकटं ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघी आणि बाळ जिल्ह्याच्या गावी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी फार शांतपणे समजावून सांगितलं. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत पुष्कळ बायकांना उगीच रडू येतं, चिडचिड होते. त्याला इंग्रजीत 'बेबी ब्लूज' म्हणतात. साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. त्यापुढेही ते राहिलं, वाढलं, झोप-भूक गेली, कशातच मन लागेना, तर मग ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं. तो आजार आहे. आळस नव्हे, नखरा नव्हे, आईपण कमी पडलं असंही नव्हे. आणि त्यात प्रत्येक वेळी रडू येतंच असं नाही. काहीच न वाटणं, हेही त्याचंच लक्षण.

'डिप्रेशन' हा शब्द आपण किती उथळ करून टाकलाय! मालिका संपली तर डिप्रेशन, केस गळले तर डिप्रेशन. मूळ अर्थ आहे 'खाली दाबलं जाणं'. हवामान खात्याच्या इंग्रजी बातमीतही हाच शब्द असतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं की त्याला 'डिप्रेशन' म्हणतात. तो दाब डोळ्यांना दिसत नाही, पण कोळ्यांना होड्या किनाऱ्यावर ठेवायला सांगतात. 'सॅड' वेगळं, 'अपसेट' वेगळं, 'डिसअपॉइंटेड' वेगळं आणि 'डिप्रेस्ड' वेगळं. पहिल्या तिघांना मैत्रीण, चहा आणि चार दिवस पुरतात. चौथ्याला डॉक्टर लागतो.

परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. अर्ध्या वाटेवर त्या अचानक म्हणाल्या, "माझ्या धाकट्याच्या वेळी मलाही असंच झालं होतं. आडाशी जाऊन उभी राहायची मी. कुणाला काय सांगणार? शब्दच नव्हता त्याला."

सुनेने नुसता त्यांचा हात धरला.

नाव सापडलं म्हणजे

औषधं, समुपदेशन आणि रात्री बाळाला सासूने घ्यायचं, असं काही महिने चाललं. मध्ये एकदा तिने गोळ्या परस्पर बंद केल्या आणि पुन्हा त्रास झाला. डॉक्टरांनी परत सुरू केल्या. सहा-सात महिन्यांनी ती बाळाला कडेवर घेऊन वर्गात आली. बाळाने माझा खडू ओढला, तर ती ओरडली, "अरे सोड!" तिच्या आवाजातला तो राग ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! राग का होईना, काहीतरी वाटायला लागलं होतं.

भावनेला नाव दिल्याने काय होतं, यावर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस इथल्या मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हे नामकरण फार पूर्वी करून ठेवलंय. आठ स्थायी भाव आणि तेहतीस येणारे-जाणारे संचारी भाव. तेहतीस! आणि आपण 'टेन्शन' या एका शब्दावर संसार चालवतो.

शब्द इंग्रजीच हवा असं मुळीच नाही. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, घालमेल, धास्ती, उद्वेग, त्रागा... आपल्या आज्या हे शब्द रोज वापरायच्या. 'रुखरुख' ही झालेल्या गोष्टीची असते, 'हुरहूर' ही दुरावलेल्याची किंवा पुढे येणाऱ्याची. आमच्या वर्गाला मात्र ते परत सापडायला इंग्रजीची डिक्शनरी लागली, हेही खरंच.

म्हणून एक सांगते. घरात सून, मुलगी, नणंद, शेजारीण, कुणीही "टेन्शन आलंय" म्हणाली तर "घेऊ नकोस" म्हणू नका. "कसलं गं?" असं विचारा आणि मग जरा थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. काळजी असेल तर मार्ग शोधता येईल. हेवा असेल तर हसता येईल. अपराधीपण असेल तर खरंच अपराध आहे का ते बघता येईल. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस सगळंच नकोसं, बधिर वाटत असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार तिच्या तोंडून निघाला तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या नंबरवर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. जावेच्या दोन दारांच्या फ्रिजवरसुद्धा!

आमचा वर्ग अजून बुधवारी भरतो. पहिला प्रश्न तोच असतो, 'हाऊ आर यू फीलिंग टुडे?' आता लगेच उत्तर येत नाही. बायका जरा वेळ गप्प बसतात, फळ्याकडे बघतात, बोटांनी पदराशी चाळा करतात. पूर्वी मला वाटायचं, यांना इंग्रजी शब्द आठवत नसेल. आता कळतं, त्या शोधताहेत. मी खडू खाली ठेवते आणि वाट बघते.